तीन सुती बोल्ट व दहा मिलिमीटरची चाकी

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटांत, लोहचुंबकांच्या पेटीशेजारीं, कागदांत गुंडाळलेला एक बोल्ट ठेवलेला आहे. त्याच्या टोंकाकडील आटे चेपून सपाट झाले आहेत. शाळा पाहावयास येणारे पालक कधीं कधीं तो हातांत घेऊन विचारतात कीं, हें भंगार येथें कशासाठीं जपलें आहे? त्या प्रश्नाचें उत्तर या अंकांत सविस्तर द्यावें असें आम्हीं योजिलें आहे. कारण त्या बोल्टाची निवड आम्हीं स्वतः केली होती, आणि ती चुकली होती.

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांची ठेवण आमच्या वाचकांस परिचयाची आहे. नीरेचा डावा कालवा ज्या जमिनीला भिजवितो तेथें ऊंस उभा असतो. परंतु कालव्याच्या वरच्या अंगास पाणी चढत नाहीं, आणि हांकेच्या अंतरावर माळ, हुलगा व बाजरी यांचें राज्य सुरू होतें. अशाच एका माळावर तीसएक घरांची वस्ती आहे. कठीण काळ्या पाषाणांत खणलेली एक विंधण विहीर व तिच्यावर बसविलेला हातपंप, एवढाच तिचा उन्हाळ्यांतील आधार. आमच्या शाळेचें श्रमदानाचें शिबिर त्या वस्तीवर चैत्राच्या शेवटीं भरलें होतें. मुलांनीं पंपाभोंवतींचा ओटा नीट केला, सांडपाण्याची चर खणली, आणि शेवटच्या दिवशीं पंपाच्या डोक्याचें झांकण उघडून आंत वंगण घालावें असें ठरलें. झांकण उघडतांच दिसलें कीं, दांडा व साखळी यांना जोडणारा बोल्ट झिजून मधोमध कमरेसारखा बारीक झाला आहे.

पुढें काय घडलें तें सांगण्यापूर्वीं या पंपाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. महाराष्ट्रांत १९७२ सालीं जो दुष्काळ पडला त्याच्या आगेंमागें खडकांत खोल विहिरी विंधण्याचें काम झपाट्यानें वाढलें. त्यांवर आरंभीं जे बिडाचे पंप बसविले गेले ते मुळांत युरोप-अमेरिकेंतील एकेका कुटुंबाच्या अंगणासाठीं योजलेले होते. सबंध गांवानें पहाटेपासून रात्रीपर्यंत चालविल्यावर ते थोडक्याच दिवसांत मोडूं लागले. तेव्हां जालना व सोलापूर येथें विहिरी विंधण्याचें काम करणाऱ्या मिशनांच्या कारखान्यांतून पोलादाचे, एकाच आंसावर हलणारे, दणकट पंप तयार झाले. त्यांतील सोलापूरच्या पंपाचा नमुना पुढें ठेवून युनिसेफ, भारत सरकार व मद्रासेकडील यंत्रकारखाने यांनीं १९७० नंतरच्या दशकांत जो पंप सिद्ध केला, तो ‘इंडिया मार्क २’ या नांवानें आज आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक देशांत ठाऊक आहे. या पंपाची मोठी खुबी अशी कीं, भारतीय मानक ९३०१ मध्यें त्याचा प्रत्येक भाग मापानें बांधून दिलेला आहे. कोणत्याही कारखान्यांत तो भाग केलेला असो, तो कोणत्याही गांवच्या पंपास बसलाच पाहिजे. दांडा व साखळी जोडणारा बोल्ट हाहि त्यांत नेमून दिलेला आहे: व्यास १० मिलिमीटर, लांबी ४० मिलिमीटर, उच्च ताकदीचें पोलाद, आणि आंत नायलॉनचें कडें असलेली चाकी.

हें सर्व आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें. आमच्यापाशीं होता तो झिजलेला बोल्ट व मुलांचा उत्साह. एका विद्यार्थ्यास बरोबर घेऊन आम्ही मोटारसायकलवरून बारामतीस आलों आणि एका दुकानांत तो बोल्ट फळीवर ठेवला. दुकानदारानें तो पाहिला, बोटानें चांचपला व विचारिलें, “गुरुजी, तीन सुती देऊं?” आम्हीं होकार दिला. वाचकहो, या ठिकाणीं दुकानदारास दोष देण्याचें कारण नाहीं. त्याच्यापुढें जें आलें त्याच्या मध्यभागाची झीज इतकी होती कीं, तें साडेनऊ मिलिमीटरचें आहे कीं दहाचें, हें डोळ्यांनीं ठरविणें शक्य नव्हतें. चाकी बरोबर नेली असती तर प्रश्नच नव्हता. पण चाकी चांगली आहे असें पाहून आम्हीं ती वस्तीवरच ठेवून दिली होती. नवा बोल्ट साखळीच्या भोंकांतून सहज गेला. त्यावर जुनी चाकी फिरवितांना पहिले दोन फेरे सैल वाटले व नंतर ती घट्ट होत गेली. ती इतकी घट्ट झाली कीं, पाना दोघांनीं धरून ओढावा लागला. आम्हांस समाधान वाटलें. घट्ट बसलें म्हणजे बरोबर बसलें, असा आमचा समज होता.

नवव्या दिवशीं सकाळीं एक बारा वर्षांची मुलगी दांड्यावर सारा भार टाकून पाणी काढीत असतां बोल्ट निसटला. भार एकाएकीं नाहींसा होऊन दांडा खालीं आपटला, मुलगी पुढें कोसळली, व दांड्याच्या लोखंडावर तिचें तोंड आदळलें. वरचा ओंठ फाटला व पुढील दोन दांत मोडले. ओंठास टांके घालण्यासाठीं तिला तालुक्याच्या गांवीं न्यावें लागलें. साखळी सुटल्यामुळें आंतील सळयांची माळ खालीं बसली होती; ती वर उचलून धरण्याचें हत्यार असलेला कारागीर तिसऱ्या दिवशीं आला, आणि सांगितला तसा बोल्ट मिळण्यास आणखी तीन दिवस लागले. ते सहा दिवस वैशाखाच्या उन्हांत वस्तीवरील बायका तीन किलोमीटरवरील मळ्यांतल्या विहिरीवरून हंडे आणीत होत्या. आम्ही त्या मुलीच्या आजीला भेटावयास गेलों तेव्हां म्हातारीनें आम्हांस बसावयास घोंगडी दिली व तांब्यांतून पाणी पुढें केलें. तें पाणी आम्हांस पिववेना.

परत आल्यावर तो बोल्ट व ती चाकी आम्हीं प्रयोगशाळेंत मोजली. येथून पुढें जें लिहावयाचें आहे तें त्या दिवशीं शिकलेलें आहे.

बोल्ट म्हणजे काय? एका गोल दांड्याभोंवतीं चढत गेलेला उतार. घाटाचा रस्ता डोंगराभोंवतीं वळसे घेत वर जातो, तसा. एका वळशापासून दुसऱ्या वळशापर्यंत जें अंतर, त्याला आट्यांचें अंतर म्हणूं. बोल्टावरील हा रस्ता व चाकीच्या आंत कोरलेला रस्ता हे तंतोतंत एकच असले पाहिजेत. तरच सर्व आटे एकमेकांवर टेकून भार वांटून घेतात. ‘तीन सुती’ म्हणजे तीन अष्टमांश इंचाचा बोल्ट. कारागिरांच्या भाषेंत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्याचा व्यास ९.५२५ मिलिमीटर भरतो, व जुन्या इंग्रजी पद्धतीप्रमाणें त्याच्यावर एका इंचांत १६ आटे असतात, म्हणजे दर आट्याचें अंतर १.५८७५ मिलिमीटर. दहा मिलिमीटरच्या चाकींत तेंच अंतर १.५ मिलिमीटर आहे. फरक किती? एका आट्यांत ०.०८७५ मिलिमीटर, केसाएवढाच. परंतु सुमारें ८ मिलिमीटर जाडीच्या चाकींत पांच आटे येतात, आणि पांचव्या आट्यापर्यंत हा फरक सांठत जाऊन जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतो. दोन रस्ते आरंभीं बरोबर चालतात आणि हळूहळू एकमेकांवर चढतात. आम्हांस जी घट्टपणाची खूण वाटली ती या चढाईची होती. तीत आणखी नायलॉनच्या कड्याचा अडसर मिसळला होता, म्हणून संशय आला नाहीं. शिवाय बोल्ट बारीक असल्यामुळें त्याच्या आट्यांचीं नुसतीं शेंडेंच चाकीच्या आट्यांत अडकलीं होतीं. आट्यांचा कोन देखील वेगळा: इंग्रजी पद्धतींत ५५ अंश, मिलिमीटरच्या पद्धतींत ६० अंश.

आतां या लहानशा तुकड्यावर किती ओझें होतें तें पाहा. गणिताच्या मुलांनीं वहींत करून पाहण्याजोगें आहे. पंपाच्या सिलिंडरचा आंतील व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३१.७ चौरस सेंटिमीटर. सिलिंडर ४५ मीटर खोल असेल व उन्हाळ्यांत पाण्याची पातळी त्याच्याजवळ गेली असेल, तर दट्ट्यावर उभ्या असलेल्या पाण्याचें वजन सळयांची जागा वजा जातां सुमारें १४० किलोग्रॅम होतें. सळया १२ मिलिमीटर जाडीच्या. त्यांचें वजन आणखी ४० किलोग्रॅम. एकूण १८० किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन पोतीं गहूं, त्या एका बोल्टावर लटकतात. दांड्याची तरफ आठास एक अशी असल्यामुळें तें ओझें माणसाच्या हाताला हलकें लागतें, बोल्टाला मात्र तें सगळेंच्या सगळें सोसावें लागतें. दट्ट्या दर खेपेस १२५ मिलिमीटर सरकतो व पाव लिटराहून अधिक, म्हणजे सुमारें ०.४ लिटर पाणी वर टाकतो. पंधरा लिटरच्या हंड्यास चाळीस हेलकावे. तीस घरें, घरटीं दहा हंडे, असा हिशेब धरला तर दिवसाला बारा हजार वेळां हें ओझें चढतें व उतरतें.

हें ओझें चाकीवर सरळ ओढ देत नाहीं. तें बोल्टाच्या अंगावर आडवें पडतें. चाकीचें काम एवढेंच कीं, बोल्टाला भोंकांतून बाहेर सरकूं न देणें. मग आट्यांच्या फरकानें काय बिघडलें, असा प्रश्न एका चतुर विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिला. उत्तर असें कीं, बारीक बोल्ट भोंकांत सैल होता, म्हणून प्रत्येक हेलकाव्याला तो किंचित् तिरपा होई व परत सरळ होई. त्या डुलण्यानें चाकींत अडकलेलीं शेंडें रोज थोडीं थोडीं चेपलीं गेलीं. लोखंडहि मऊ होतें. शेंडें संपलीं तेव्हां चाकी गळून पडली, आणि मग बोल्ट आपल्या पायांनीं चालत बाहेर आला म्हणाना!

इतकीं निरनिराळीं मापें जगांत आलींच कशीं, असें कोणासहि वाटेल. मळसूत्र ही वस्तु फार प्राचीन आहे, पण दीडदोनशें वर्षांपूर्वीं प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडीत असे. एका कारखान्याची चाकी दुसऱ्याच्या बोल्टास बसत नसे. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ नांवाच्या यंत्रकारानें अनेक कारखान्यांतील बोल्ट जमा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली, आणि १८४१ सालीं सर्वांनीं एकच माप वापरावें अशी सूचना मांडली. कल्पना साधी, परंतु आगगाड्यांच्या कारखान्यांनीं ती उचलली व तिच्या पाठीवर बसून इंग्रजी बोल्ट हिंदुस्थानांतहि आला. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें १८६४ मध्यें ६० अंशांचा निराळा आटा सुचविला. त्यामुळें एक चमत्कार असा झाला कीं, अर्ध्या इंचाच्या इंग्रजी बोल्टावर इंचाला १२ आटे आणि तेवढ्याच व्यासाच्या अमेरिकन बोल्टावर १३! १९०४ च्या फेब्रुवारींत बाल्टिमोर शहरास आग लागली तेव्हां वॉशिंग्टन व फिलाडेल्फिया येथून बंब धांवून आले, पण कित्येकांच्या नळ्यांचे आटे तेथील पाण्याच्या तोट्यांस बसेनात. मदतीला आलेले लोक नळ्या हातांत धरून उभे राहिले. दीड हजारांवर इमारती जळाल्या. दुसऱ्या महायुद्धांतहि हाच घोळ इंग्रज व अमेरिकन यंत्रांच्या बाबतींत झाला, आणि १९४८ सालीं दोन्ही देशांनीं कॅनडासह एक सामाईक आटा मान्य केला, तोहि इंचाचाच. मिलिमीटरची पद्धति युरोपखंडांत वाढली व पुढें जगभर मान्य झाली. आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं. परंतु माणसाची जीभ कायद्याइतकी लवकर वळत नाहीं. म्हणून दुकानांत अजूनहि ‘तीन सुती’ व ‘चार सुती’ हे शब्द ऐकूं येतात, आणि कधीं कधीं तीन सुती म्हणून मागितलेला बोल्ट दहा मिलिमीटरचा निघतो. आमच्या बाबतींत नांव व वस्तु दोन्ही जुळल्या, हेंच दुर्दैव.

जुनें यंत्र जुन्या मापाचें, नवें यंत्र नव्या मापाचें, असा सरळ नियम मात्र करतां येत नाहीं. विहिरीवरील इंग्लंडांत घडलेल्या जुन्या ऑइल इंजिनाला इंचाचेच बोल्ट लागतील. पण याच हातपंपाचें पाहा: आंतल्या सळयांवरील आटे मिलिमीटरचे, १.७५ अंतराचे, आणि त्याच सळया ज्या नळांतून जातात त्या नळांचे आटे आजहि इंचाला ११, ५५ अंशांचे, व्हिटवर्थच्या घराण्यांतले. एकाच यंत्रांत दोन शतकें शेजारीं नांदत आहेत. मुलांच्या सायकलींतहि पायट्याचे आटे इंचाला २० असतात, व डाव्या पायट्याचे उलटे फिरतात. ज्यांनीं ते उजवे समजून जोर लावला आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

मग बोल्ट किंवा स्क्रू बदलतांना काय करावें? प्रथम व्यास. तो आट्यांच्या माथ्यावर व्हर्नियरनें मोजावा, आणि न झिजलेल्या जागीं मोजावा. मोजलेलें माप नांवाच्या मापाहून किंचित् कमी येतें, हें ध्यानांत ठेवावें. दहाचा बोल्ट ९.८ च्या आसपास भरतो. मोजणी ९.५ किंवा त्याहून कमी आली तर मात्र थांबावें. यानंतर आट्यांचें अंतर, आणि आमच्या मतें सर्वांत अधिक चुका येथेंच होतात. त्यासाठीं मोठें हत्यार लागत नाहीं. पांढऱ्या कागदावर कार्बन कागद ठेवून बोल्ट त्यावर दाबून आडवा ठेवावा. आट्यांच्या रेघा उमटतात. दहा अंतरें मोजावीं व दहानें भागावें. दहा मिलिमीटरच्या नेहमींच्या बोल्टाचीं दहा अंतरें १५ मिलिमीटर भरतात, तीन सुतीचीं जवळजवळ १६. हा फरक शाळेच्या पट्टीवरहि दिसतो. दुसरी युक्ति याहून सोपी: खात्रीचा बोल्ट व संशयाचा बोल्ट यांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरावे. मध्यें फटी दिसल्या कीं घराणें निराळें. नेहमींच्या मेट्रिक बोल्टांचीं अंतरें पाठ असावींत: ५ च्या व्यासास ०.८, ६ ला १, ८ ला १.२५, १० ला १.५, १२ ला १.७५. अडीच सुती बोल्ट ७.९४ मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांना अगदीं आठाचा. पण त्यावर इंचाला १८ आटे, म्हणजे १.४१. त्यापासून फार जपावें.

खरी चांचणी हातांत आहे. चाकी बोटांनीं, पाना न लावतां, शेवटपर्यंत फिरली पाहिजे. नायलॉनचें कडें असेल तर कड्यापर्यंत. बोटांनीं न फिरणाऱ्या चाकीला पाना लावणें म्हणजे तिला कबूल करावयास लावणें होय. आम्हीं तेंच केलें.

ताकदीविषयीं. चांगल्या पोलादी बोल्टाच्या माथ्यावर ८.८ किंवा ४.६ असे आंकडे कोरलेले असतात. पहिला आंकडा शंभरानें गुणिला कीं तुटण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरास न्यूटनमध्यें मिळते, म्हणजे ८०० व ४००. दुसरा आंकडा सांगतो कीं, त्या ताकदीच्या किती दशांशांवर बोल्ट कायमचा ताणूं लागतो. माथा कोरा असेल तर त्याची हमी कोणी घेतलेली नाहीं असें समजावें. आमच्या बोल्टाचा माथा कोरा होता. पुष्कळांस चकाकणारा स्टेनलेसचा बोल्ट सर्वांत बळकट वाटतो. तो गंजत नाहीं हें खरें, परंतु बाजारांतील नेहमींच्या स्टेनलेसची तुटण्याची ताकद ७०० किंवा त्याहून कमी असते, आणि स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसची चाकी वंगणावांचून जोरानें फिरविली तर दोन्ही धातु एकमेकांस चिकटून बसतात व कापूनच काढाव्या लागतात. पाण्याच्या टाकीचें झांकण बसवावयाचें तर स्टेनलेस उत्तम, साखळीसाठीं ८.८.

लांबीचा प्रश्न चाकीच्या बोल्टांत सोपा आहे: चाकीबाहेर दोन आटे दिसावेत. पण जेथें पलीकडे चाकी नसून आंधळें भोंक असतें, तेथें लांबी हीच मुख्य गोष्ट होते. याचें घरचें उदाहरण म्हणजे आमच्या वर्गांतील बांकें. बांकाची लोखंडी पाती लांकडांत साध्या लांकडी स्क्रूनें बसविलेली होती. दरवर्षीं बांकें हलवावयाचीं, स्क्रू काढावयाचे व पुन्हां घालावयाचे. प्रत्येक खेपेस लांकडाचे तंतू तुटतात व भोंक मोठें होतें. भोंकांत काड्या कोंबून वर्ष निघतें, दोन निघत नाहींत. यावर कायमचा उपाय म्हणजे पितळेची आटेदार नळी. तिच्या बाहेरच्या अंगावर लांकूड पकडणारे मोठे आटे असतात व आंत मिलिमीटरचे बारीक आटे. ती एकदां लांकडांत डिंकासह बसविली कीं स्क्रू पितळेंत फिरतो, लांकडाला त्रास होत नाहीं. आंत जो स्क्रू घालावयाचा तो आतां लांकडी नव्हे, तर यंत्राचा हवा. जुना टोंकदार स्क्रू कोणी घातला तर पितळेचे आटे एका फेऱ्यांत नासतात. नळीची खोली आगकाडीनें मोजावी. समजा, खोली १२ मिलिमीटर व पाती ५ मिलिमीटर जाड आहे. सहा मिलिमीटरच्या स्क्रूचे निदान सहा ते नऊ मिलिमीटर आटे आंत गेले पाहिजेत. १६ लांबीचा स्क्रू ११ आंत जाईल व तळाशीं एक मिलिमीटर मोकळें राहील, तो योग्य. २० लांबीचा १५ आंत जाऊं पाहील, तळाला टेकेल, आणि पिळणारा म्हणेल कीं घट्ट झाला! प्रत्यक्षांत पाती मोकळीच असते, आणि जोर वाढविला कीं स्क्रू नळीलाच उपटून वर काढतो. येथेंहि घट्टपणा माणसाला फसवितो.

बर्फाळ देशांत पायांस लांब फळ्या बांधून डोंगरउतारावरून घसरत जाण्याचा खेळ आहे. आपल्याकडे गुलमर्ग व औली येथें तो खेळतात. बूट फळीस धरून ठेवणारी जी यंत्रणा असते ती वारंवार काढघाल केल्यानें फळीचीं भोंकेंहि आमच्या बांकांसारखींच सैल होतात, म्हणून हौशी लोक त्यांत अशाच आटेदार नळ्या चिकटवितात व ५ मिलिमीटरचे यंत्री स्क्रू वापरतात. फळी बोटाएवढीहि जाड नसते, त्यामुळें एकदोन मिलिमीटर जास्त लांबीचा स्क्रू खालून फळीला फुगवटा आणतो, आणि कमी लांबीचा स्क्रू भरधांव वेगांत निसटून पाय मोडतो. त्यांतहि एक बारकावा आहे. ज्या स्क्रूचा माथा खोलगट जागेंत बुडतो त्याची लांबी माथ्यासकट मोजतात, आणि ज्याचा माथा वर राहतो त्याची माथ्याखालून. दुकानांत ‘वीसचा द्या’ म्हटल्यास या दोहोंपैकीं काय मिळेल, हें माथ्यावर अवलंबून आहे.

ॲल्युमिनियमच्या भागांत, उदाहरणार्थ स्कूटरच्या इंजिनांत, आटे गेले तर तारेच्या वेटोळ्याची नळी बसविण्याची रीत आहे. भोंक मोठें करून त्यांत हें वेटोळें फिरवितात. त्याच्या आंतील माप मूळच्या मापाइतकेंच राहतें, म्हणून बोल्ट मूळचाच चालतो. त्याऐवजीं पुष्कळ ठिकाणीं भोंक वाढवून मोठा बोल्ट ठोकून देतात. असें यंत्र विकत घेणाऱ्या पुढच्या माणसाची आम्हांस कींव येते.

त्या वस्तीवरील पंपास आतां नेमून दिलेला बोल्ट आहे, माथ्यावर ८.८ कोरलेलें आम्हीं स्वतः वाचलें, आणि चाकी बोटांनीं कड्यापर्यंत फिरली तेव्हांच पाना घेतला. चाकीहि नवी घातली, कारण एकदां वापरलेलें नायलॉनचें कडें पहिल्यासारखी पकड धरीत नाहीं. मुलीचे दांत डॉक्टरांनीं बसवून दिले. त्याचा खर्च आम्हीं दिला, याचा उल्लेख केवळ कोणी विचारतील म्हणून करीत आहों. ती या जूनपासून आमच्या शाळेंत येऊं लागली आहे. प्रयोगशाळेंत व्हर्नियरचा पाठ चालला असतां आम्हीं कपाटांतून तो बोल्ट काढून मुलांपुढें ठेवला. तिनें तो मोजून वहींत ९.४ असें लिहिलें, आणि शेजारीं स्वच्छ अक्षरांत ‘चाकी १० ची’ असें लिहिलें.

पंपाजवळच्या घराच्या तुळईला एक पत्र्याची डबी टांगली आहे. तींत साखळीचे दोन बोल्ट व दोन चाक्या, ओट्यावरील जोडाचे १२ मिलिमीटरचे चार बोल्ट, आणि १७ व १९ मापांचा दुतोंडी पाना ठेवला आहे. साखळीच्या बोल्टांपैकीं एक गेल्या मार्गशीर्षांत वापरला गेला. त्याच्या जागीं नवा ठेवावयाचा आहे. येत्या शनिवारीं इयत्ता नववींतील दोन मुलें चाकी खिशांत घेऊन बारामतीस जातील.